चांगली बसलेली पाठ

धाकट्याची मुलगी ज्या वर्षी भिंत सोडून चालायला लागली, त्याच वर्षी दोघा भावांच्या एका दुकानाची दोन दुकानं झाली. साल विचारलं तर घरात कुणालाच पटकन सांगता येत नाही. पण मुलीने दारापासून पलंगापर्यंत टाकलेली सहा पावलं सगळ्यांना आठवतात, म्हणून हिशेब तिथूनच धरायचा.

दुकान तसं केवढं? एक काउंटर, दोन स्टुलं, मान वाकवता येणारा एक दिवा. भाऊ फोनच्या पाठी बदलत. दुसरं काहीच करत नसत. पडदा फुटला, आवाज येत नाही, चार्जिंग होत नाही असं कुणी म्हटलं की दादा हात जोडायचा. "आम्ही पाठीवाले. तोंडाची कामं पुढच्या चौकात." मागची काच फुटली की ती काढायची, नवी बसवायची. कुणाला रंग बदलून हवा, कुणाला कॅमेऱ्याभोवतीची कडी बदलून हवी, कुणाला आतला रंग खरवडून आरपार दिसणारी पाठ हवी. एवढंच, पण एवढ्यात दोन संसार चालत होते.

पाठ काढायची म्हणजे आधी फोन तव्यावर ठेवायचा. तवा म्हणजे विजेवर तापणारी चपटी पट्टी, पाटीएवढी. तिला बाजूला एक गोल बटण. फोन बेताचा तापला की कडेचा गोंद सैल होतो, मग रबरी वाटी चिकटवून पाठ केसभर उचलायची आणि फटीतून पातळ पत्ती फिरवायची. तवा कमी तापला तर काच तडकते. जास्त तापला तर आतली बॅटरी फुगते, आणि मग देवाचं नाव घ्यायचं.

दादा शाळेत गेलेला नव्हता. धाकट्याने शाळेत जावं म्हणून तो लहानपणीच कामाला लागला होता. बटणाभोवतीचं बारीक इंग्रजी त्याच्या काही कामाचं नव्हतं. त्याने आपल्या बायकोच्या, म्हणजे धाकट्याच्या वहिनीच्या, नेलपेंटचा एक लाल ठिपका बटणाच्या कडेला, बरोबर उष्णतेच्या जागी दिला होता. बटणाची रेघ ठिपक्यासमोर ठेवायची, बस्स. एवढ्या वर्षांत बटण तिथून हललं नव्हतं. दादा त्याच्याकडे बघतसुद्धा नसे. भिंतीवरच्या खिळ्याकडे कोण रोज बघतं?

त्या दिवशी धाकट्याला जेवायला घरी जायची घाई होती. एक चिवट गोंद सुटेना, म्हणून त्याने बटण ठिपक्याच्या बरंच पुढे नेलं, आपलं काम उरकलं, आणि बटण तसंच ठेवून गेला. तो परत आला तेव्हा दादाने एका शिक्षिकाबाईंचा फोन तव्यावर ठेवला होता. धाकटा स्टुलावर बसतो न बसतो तोच फोनमधून आधी करकर आवाज आला, मग पांढरा धूर. दादाने नुसत्या हातांनी फोन उचलून वाळूच्या डब्यात टाकला. दोन बोटं भाजली.

बाई रडकुंडीला आल्या. "अहो, माझ्या नातवाचे सगळे फोटो त्यात आहेत! तुम्हाला काम येतं की नाही?"

धाकट्याची नजर बटणावर गेली. त्याला कळलं. आणि तोंड उघडलं तेव्हा त्यातून भलतंच बाहेर पडलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय?

"बाई, माफ करा. आमच्या दादाला अक्षर कळत नाही. यंत्रावरचं वाचता येत नाही त्याला."

दादाने बटणाकडे पाहिलं. मग धाकट्याकडे पाहिलं. मग भाजलेली बोटं ओल्या फडक्यात गुंडाळली, आपला ॲप्रन घडी घालून काखेत मारला, आपली पत्ती आणि रबरी वाटी खिशात टाकली आणि निघून गेला. महिनाभराने त्याच रस्त्यावर, समोरच्या बाजूला, चाळीस पावलांवर त्याने स्वतःचं दुकान मांडलं. मधे एक चष्मेवाला, एक इस्त्रीवाली आणि एक कुलूपकिल्लीवाला. तवा धाकट्याकडेच राहिला.

बोलणं बंद झालं. बायकांचं मात्र चालू होतं. जावा-जावा बाजारात भेटायच्या, भाजी वाटून घ्यायच्या, दोघांच्या नावाने बोटं मोडायच्या. "सख्खे भाऊ आहेत," धाकट्याची बायको म्हणायची, "पण रस्त्यात समोर आले की एकाला आभाळ बघायचं असतं आणि दुसऱ्याला चप्पल."

दीडेक वर्षाने एका टॅक्सीवाल्याचा फोन धाकट्याकडे आला. पाठीला तडे गेले होते, पण आतली पातळ फिल्म काचेला धरून होती, म्हणून ती अखंड निघाली. धाकट्याने ती उलटी केली. आतल्या काळ्या बाजूवर रुपेरी मार्करने मोठ्या, वाकड्या, एकमेकांना धक्के देणाऱ्या अक्षरांत लिहिलं होतं:

तू गोंद फार लावतोस

खाली सही नव्हती. नेलपेंटचा लाल ठिपका होता.

धाकटा ती पाठ हातात धरून बराच वेळ बसला. टॅक्सीवाला म्हणाला, "काय, फार खराब आहे का?" धाकटा म्हणाला, "नाही. ठीक आहे." दादाचं अक्षर त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं.

संध्याकाळी बायकोकडून बातमी कळली. दादा वर्षभर वहिनीकडून लिहायला शिकत होता. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर वहिनीने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: मीठ, साखर, चहा. दादा सकाळी उठून डबे वाचायचा. एकदा त्याने मिठाची चिठ्ठी साखरेवर लावली आणि वहिनीला म्हणाला, "वाचून चहा केलास की आठवणीने?"

पुढचा फोन दादाच्या दुकानातून आलेला होता. धाकट्याने नव्या पाठीच्या आत लिहिलं, "आणि तू फ्रेम घासत नाहीस." तो फोन कधीतरी पुन्हा पडला, पुन्हा फुटला, समोर गेला. चार महिन्यांनी दुसऱ्या एका फोनच्या पोटात उत्तर आलं: "घासतो. तुझे डोळे तपासून घे."

असं सुरू झालं. फोन पडायचे, फुटायचे, कधी या दुकानात, कधी त्या. बहुतेक पाठी कोऱ्याच निघायच्या. पण वर्षातून पाचसहा वेळा काहीतरी हाती लागायचं. "कॅमेऱ्याची कडी उलटी बसवलीस, गाढवा." "आईचा माझ्याकडचा फोटो खराब झालाय, तुझ्याकडे आहे तो पाठव." फोटो जावांमार्फत गेला. "मुलगी उंच झाली. शाळेत जाताना बघितली." रस्त्यात मात्र आभाळ आणि चप्पल.

तरी ती एक गोष्ट धाकट्याने कधी लिहिली नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण नेहमीची खवखव माणूस विसरतो. सकाळी तवा लावताना बटण ठिपक्यावर आणायचं आणि कामाला लागायचं. ठिपका वर्षावर्षाला झिजत होता.

दहाव्या वर्षी, एका दुपारी, वहिनी दुकानात आली. या दुकानात ती दहा वर्षांत पहिल्यांदाच येत होती. ती बसली नाही.

"भावोजी, यांच्या छातीचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, दीडदोन महिने."

धाकट्याच्या हातात पत्ती होती. ती त्याने खाली ठेवली, मग पुन्हा उचलली. काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं होतं एवढं कळत होतं, पण बधिर झालेल्या पायाला चिमटा काढावा तसं ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

"दुकानात येतो का?" त्याने विचारलं.

"दुपारपर्यंत बसतात. घरी बसवत नाही म्हणतात. तुम्ही एकदा या."

"येतो."

तो गेला नाही. बायको रोज विचारायची. तो रोज 'उद्या' म्हणायचा. शेवटी ती म्हणाली, "तुम्हाला पाठीच दाखवता येतात. धंदाच तो. एकदा तोंड दाखवायला काय जातं तुमचं?"

"जाऊन काय बोलू?"

"जे गेली दहा वर्षं झोपेत बोलताय ते."

त्याने मान वर केली. ती भांडी पुसत होती. तिला किती माहीत होतं ते तिने सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही.

त्याला तोंडाने बोलता येणार नव्हतं, पण लिहिता आलं असतं. दादा दुकानात बसत होता तोवर वाटही होती, आणि त्या वाटेवरचा पोस्टमनही ठरलेला होता: चष्मेवाला.

चष्मेवाला दोन्ही दुकानांच्या मधोमध बसायचा. पोट सुटलेला, हसतमुख, हात लोणी लावल्यासारखे निसरडे. फोन त्याच्या हातून महिन्याला एकदा पडणारच. भाऊ वेगळे झाले त्याच दिवशी त्याने जाहीर केलं होतं, "मला दोघंही सारखे. एकदा तुझ्याकडे, एकदा त्याच्याकडे. न्याय म्हणजे न्याय." दहा वर्षं त्याने तो न्याय पाळला. निम्मा पत्रव्यवहार त्याच्याच खिशातून झाला होता, आणि त्याला पत्ता नव्हता.

तो आठवड्याभरात आलाच. "घे बाबा. जिन्यावरून गेला. आज तुझी पाळी."

म्हणजे पुढची पाळी दादाची. धाकट्याने जुनी पाठ काढली. नवी पाठ उलटी ठेवली. मार्कर घेतला. एवढंसं लिहायला त्याला अर्धा तास लागला.

त्या दिवशी बटण मीच फिरवून ठेवलं होतं. तुला वाचता येत नाही असं मी म्हणालो. चूक माझी होती.

शाई वाळली. मग त्याने ती पाठ बसवली.

आणि इथेच गफलत झाली. पुढच्या महिन्यात काच फुटायला हवी होती. म्हणजे गोंद बेताचा लावायचा, एका कोपऱ्यात सोडून द्यायचा, पाठ स्वस्तातली घ्यायची. पण हातांना कोण सांगणार? इतक्या वर्षांच्या सवयीचे हात. त्यांनी फ्रेम घासली, पुसली, गोंदाची एकसारखी कड काढली, पाठ टेकवली, आठ चिमटे लावले आणि फोन संध्याकाळपर्यंत तसाच दाबून ठेवला. पाठही दुकानातली सगळ्यात जाड काच होती. चिमटे सोडताना धाकट्याच्या ध्यानात आलं की आपण आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम करून बसलोय.

चष्मेवाला फोन घेऊन गेला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या मुलीने त्याला जाड रबरी कव्हर आणून दिलं.

धाकटा काउंटरवरून बघत बसायचा. चौथ्या दिवशी फोन पायरीवर पडला. चष्मेवाल्याने उचलला, पोटाला पुसला, खिशात टाकला. नवव्या दिवशी रस्त्यात पडला आणि सायकल चुकवून गेली. काही नाही. धाकट्याने जन्मात पहिल्यांदा आपलं काम वाईट निघावं अशी इच्छा केली, आणि तेच नेमकं चांगलं निघालं होतं.

समोर दादा रोज थोडा उशिरा येऊ लागला. त्याचं शटर कमरेएवढंच वर जायचं.

पंधराव्या दिवशी धाकटा चष्मेवाल्याकडे गेला. "काका, तुमच्या फोनची पाठ जरा उचलल्यासारखी वाटते."

चष्मेवाल्याने कव्हर काढलं, चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाजवळ नेला. "कुठे? एकदम झकास आहे."

"एकदा दादाला दाखवा. पाळी त्याचीच आहे."

"तुझं काम त्याला दाखवू? काय म्हणून? तुझी चूक काढायला?" चष्मेवाला खरंच दुखावला. "अरे, मी तसला माणूस नाही. दहा वर्षांत इकडचं तिकडे केलं नाही मी."

धाकट्याला हसू यायला हवं होतं. "मग फोन मला द्या एक दिवस."

"का?"

"द्या ना, काका."

चष्मेवाल्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुढे काही न विचारता फोन दिला.

दादा त्या आठवड्यात दुकानात आलाच नव्हता. धाकटा त्याच्या घरी गेला. फोन खिशात, सोबत पत्ती, रबरी वाटी, आणि गरम पाण्याची रबरी पिशवी, पाठ शेकायला. जाताना बायको म्हणाली, "चाललाय भावाला भेटायला, की ताकाला जाऊन भांडं लपवायला?" पण तिने पिशवीचं झाकण घट्ट केलं.

दादा खिडकीपाशी पलंगावर टेकून बसला होता. नाकात नळी. शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं हलकं फुसफुसत होतं. वहिनीने खुर्ची पुढे सरकवली आणि स्वयंपाकघरात गेली. उघड्या दारातून डबे दिसत होते. चिठ्ठ्या अजून होत्या, कडा तेलकट झालेल्या.

"आलास," दादा म्हणाला.

"आलो."

दहा वर्षांनी एवढंच. धाकट्याने दादाच्या हातांकडे पाहिलं. दोन बोटांवर चकाकणारी कातडी होती, जुन्या भाजण्याची.

"मुलगी?"

"सहावीत. परीक्षा आहे आता."

"बरं."

नळकांडं फुसफुसत राहिलं. धाकट्याने फोन काढला आणि दादाच्या तळहातावर ठेवला. "ही पाठ बघ जरा. नीट बसली का."

दादाने फोन उलटा केला. डोळे मिटले. अंगठ्याचं नख चारी कडांवरून सावकाश फिरवलं, कोपऱ्यात थांबलं, पुढे गेलं. मग त्याने पाठीवर टिचकी मारून कानाशी धरली.

"गोंद जास्त आहे."

"हो."

"पण बसलीय चांगली. तुझ्या हातची आतापर्यंतची सगळ्यात चांगली."

"उघडून बघ," धाकटा म्हणाला. त्याने पाण्याची पिशवी पुढे केली. "पत्ती आणलीय मी. उघड."

दादाने डोळे उघडले. पिशवीकडे पाहिलं, पत्तीकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं. त्या दिवशी दुकानात पाहिलं होतं तसंच.

"कशाला?"

"आत बघ."

"चांगली बसलेली पाठ उघडू नये," दादा म्हणाला. "तुला शिकवलंय ना मी?" त्याला धाप लागली. ती जाईपर्यंत तो थांबला. "लोकांचा फोन आहे. उगाच तडा जाईल."

त्याने फोन परत दिला. धाकट्याने घेतला. आता बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, दोनदा तोंडापर्यंत आलं. त्याने पत्ती परत खिशात घातली.

दादा खिडकीबाहेर बघत होता. तिकडेच बघत म्हणाला, "तव्यावरचा ठिपका आहे का अजून?"

धाकट्याच्या हातातली पिशवी कोमट झाली होती.

"आहे."

"दिसतो?"

"पुसट झालाय."

"अगं," दादाने आत हाक मारली, "ती नेलपेंटची बाटली दे याला." मग धाकट्याला म्हणाला, "दुकानात ने. नवा दे त्यावर. पुसला तर चुकेल कुणीतरी."

वहिनीने बाटली आणून दिली. धाकटा उठला. दाराशी गेल्यावर दादा म्हणाला, "गोंद कमी लाव."

"लावतो."

फोन त्याने चष्मेवाल्याला परत केला. चष्मेवाला म्हणाला, "काय म्हणाला तो?"

"चांगली बसलीय म्हणाला."

"मी म्हटलं नव्हतं?" चष्मेवाला म्हणाला, आणि खूश होऊन फोन खिशात टाकताना त्याच्या हातून पुन्हा निसटला. फुटला नाही. तो फोन अजून त्याच्याकडे आहे. अजून पडतो. पाठ तीच आहे.

बाटलीतला रंग वाळून घट्ट झाला होता. धाकट्याने त्यात थिनरचे दोन थेंब टाकले, काडीने ढवळलं, आणि बटणाच्या कडेला, जुन्या ठिपक्याच्या बरोबर वर, नवा ठिपका दिला. तो वाळेपर्यंत त्याने तवा लावला नाही. एक गिऱ्हाईक आलं, त्याला बसायला सांगितलं. मग बटण ठिपक्यावर आणलं आणि फोन ठेवला.

धाकट्याची मुलगी सहावीत होती त्या वर्षी, तिच्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता दादा वारला.